आत्ता किती वाजले, हे कोणाला विचारायचं?

(सिहोरा येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलताना राहून गेलेले दोन-तीन तपशील छापताना घातले आहेत.)



सहाची सभा सहा बावीसला सुरू झाली. निवेदकांनी दोनदा क्षमा मागितली. मला वाटतं एकदाच पुरे होती, कारण सिहोऱ्याच्या स्वतःच्या वेळेनं तेव्हा जेमतेम सहा बारा झाले होते.

हा विनोद नाही, हिशेब आहे. आपलं गाव साधारण ८०.१ अंश पूर्व रेखांशावर आहे. भारतीय प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंशावरून. इथून गाडीत बसलं, कटनी, सतना, माणिकपूर करत पुढं गेलं की मिर्झापूरच्या आसपास ती रेषा लागते. एक अंश फिरायला पृथ्वीला चार मिनिटं लागतात. म्हणून इथला सूर्य आपल्या मनगटावरच्या घड्याळाच्या साडेनऊ मिनिटं मागं असतो. शिवाय कर्कवृत्त जबलपूर आणि सिहोरा यांच्या मधून, आपल्या अगदी जवळून जातं. २१ जूनला भर दुपारी माणसाची सावली इथं पायाखाली नाहीशी होते. तेव्हा मोबाइलमध्ये बारा वाजलेले नसतात, बारा वाजून अकरा मिनिटं झालेली असतात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य मध्यावर यायला बारा चोवीस होतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराला सात कमी असतानाच तो येऊन पुढं सरकतो. म्हणजे "आत्ता किती वाजले?" या प्रश्नाला एक उत्तर सूर्याचं आहे, एक मिर्झापूरचं आहे, आणि आपण रोज पाळतो ते मिर्झापूरचं.

माझा धंदा संगणकाचा. वेबवर चालणाऱ्या अर्जांचे, पावत्यांचे, हजेरीचे प्रोग्राम लिहिण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. विषय कळवताना मी संयोजकांना सांगितलं होतं, "वेब ॲप्लिकेशनमध्ये सिस्टिम टाइम इंटरफेसमधून कसा घ्यावा." फोनवर बराच वेळ शांतता होती. मग पलीकडून, "जरा सोपं काही..." असं आलं. पण ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मृतीची, त्या सरांच्या नावानं बोलायचं तर मला याच विषयावर बोलायचं होतं. मी ही गोष्ट पहिल्यांदा शिकलो ती त्यांच्याकडून, संगणक डोळ्यांनी बघायच्या कितीतरी आधी.

सरांचं पूर्ण नाव मी घेत नाही. सगळं गाव त्यांना नुसतं सर म्हणायचं, मीही तेच म्हणतो. गणित हिंदीतून शिकवायचे, घरी मराठी बोलायचे, आणि रागावले की दोन्ही एकदम. इथली बरीच मराठी घरं जशी आली तसेच तेही: १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे मास्तर, कारकून, रेल्वेचे बाबू नागपूरकडून इकडं येत आणि बदली रद्द झाल्यासारखे कायमचे राहत.

शाळेत घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा कडुनिंबाला टांगलेला होता. शिपाई लोखंडी दांड्यानं तो वाजवायचा. सरांच्या खिशात घड्याळ असे, पण वर्गात ते कधी बाहेर निघालेलं मी पाहिलं नाही. तास घंटेनं सुरू, घंटेनं संपे. एखादा मुलगा "सर, अभी पाँच मिनट बाकी हैं" म्हणाला तर सर म्हणायचे, घड्याळ बघणं माझं काम नाही, ज्याचं आहे त्यानं सांगितलंय.

बोर्डाच्या परीक्षेआधी एक सराव व्हायचा. सरांचं म्हणणं असं की मुलं गणितात नापास होत नाहीत, शेवटच्या दहा मिनिटांत नापास होतात. पुरवण्या बांधायच्या राहतात, पुरवणीवर नंबर घालायचा राहतो, एखादं उदाहरण सोडवून उत्तर लिहायचंच राहतं. हा सराव करायचा तर खरं म्हणजे तीन तास थांबायला हवं. सर थांबत नसत. मुलं बसली, पेपर वाटले, की वीस मिनिटांतच खिडकीतून शिपायाला हाक द्यायचे, "भैया, चेतावनी की घंटी बजा दो." टोला पडला की आमची धांदल उडायची. दहा मिनिटांनी शेवटची घंटा. मग पुन्हा सगळं सोडून पहिल्यापासून. एका दुपारात आम्ही शेवटची दहा मिनिटं चार वेळा जगायचो.

ऑफिसमधलं भिंतीवरचं घड्याळ मात्र या सगळ्यात हललं नाही. इतर वर्ग आपापल्या वेळेनं सुटले, स्टेशनवरची गाडी वेळेवर गेली. बदलली ती फक्त आमच्यापर्यंत पोचणारी घंटा.

आता माझ्या धंद्यातली फजिती सांगतो. एका कार्यालयासाठी आम्ही अर्ज भरायचं पोर्टल केलं होतं. कार्यालयाचं नाव सोडून देऊ, चूक आमची होती. अर्जाची मुदत ३१ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत. मुदत संपली की बटण बंद, नवं आर्थिक वर्ष सुरू, पावत्यांचे नंबर पुन्हा एकपासून. हे सगळं बरोबर चालतं का, ते तपासायचं होतं ऑक्टोबरात. आमच्या प्रोग्राममध्ये जिथं जिथं वेळ लागे तिथं तिथं लिहिणाऱ्यानं थेट संगणकाच्या घड्याळात डोकावलं होतं. प्रत्येक भाषेत त्यासाठी एक आयता शब्द असतो, बहुतेक ठिकाणी तो 'नाऊ' असतो. लिहायला एक सेकंद लागतो, म्हणून हात आपोआप तिकडं जातो. आमच्याकडं तो चाळीस-पन्नास ठिकाणी पसरला होता.

टीममधल्या एका मुलानं सरळ मार्ग काढला. चाचणीच्या सर्व्हरचं घड्याळच ३१ मार्च, रात्री ११ वाजून ५८ मिनिटांवर नेऊन ठेवलं. दोन मिनिटांत बटण बंद झालं, तो खूश झाला. पाचव्या मिनिटाला बाकीच्यांचे लॉगिन गेले, कारण लॉगिनची मुदतही त्याच घड्याळावर मोजली जाते. चाचणीच्या सर्व्हरनं दुसऱ्या सर्व्हरशी बोलणं थांबवलं, कारण सुरक्षा प्रमाणपत्रांवर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असतं आणि आमचा सर्व्हर त्यातल्या एकाच्या तारखेपलीकडं जाऊन बसला होता. रात्री जुने, अर्धवट सोडलेले अर्ज पुसून टाकणारं एक काम ठेवलेलं होतं. त्यानं बघितलं, पाच महिने उलटून गेलेत, आणि चाचणीसाठी महिनाभर खपून भरलेले सगळे अर्ज पुसले. सकाळी तो मुलगा मला म्हणाला, "दादा, मी फक्त घड्याळ पुढं केलं."

सर असते तर त्यांनी विचारलं असतं, अरे, शिपाई होता ना तुमच्याकडे?

नव्हता. आमच्या पोर्टलमध्ये प्रत्येक खोलीतला प्रत्येक जण ऑफिसात जाऊन भिंतीवरचं घड्याळ बघून येत होता. असा शिपाई नेमणं म्हणजेच इंटरफेस. शब्दाला घाबरायचं कारण नाही. इंटरफेस म्हणजे कामाचा करार: या जागेवर जो कोणी असेल त्यानं एवढ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, तो उत्तरं कुठून आणतो हे विचारणाऱ्यानं बघायचं नाही. वेळेच्या बाबतीत करारात एकच प्रश्न पुरतो: आत्ता किती वाजले? खऱ्या कामकाजात त्या जागेवर असा शिपाई बसवायचा जो खरं घड्याळ बघून सांगतो. चाचणीत दुसरा बसवायचा, ज्याला आपण सांगून ठेवलंय की आज ३१ मार्च, रात्रीचे ११ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंद. विचारणाऱ्या कोडाला फरक कळत नाही, कळूही नये. सर्व्हरचं घड्याळ आपल्या जागी टिकटिकत राहतं.

हे मी एकटा म्हणतोय असं नाही. जावा भाषेत तारीख-वेळेची जुनी व्यवस्था इतकी गोंधळाची होती की स्टीफन कोलबोर्न यांनी 'जोडा टाइम' नावाची स्वतंत्र व्यवस्था लिहिली. त्यातून पुढं जावाची अधिकृत नवी व्यवस्था आली, २०१४ सालच्या जावा ८ मध्ये. तिच्यात 'क्लॉक' नावाचा एक नमुनाच आहे: खरं घड्याळ, एका जागी थांबवलेलं घड्याळ, ठरावीक अंतरानं पुढं-मागं केलेलं घड्याळ, हवं ते द्या. मायक्रोसॉफ्टच्या वेब व्यवस्थेत लॉगिनच्या भागासाठी 'आयसिस्टिमक्लॉक' नावाचा छोटासा इंटरफेस बरीच वर्षं होता. त्यांनी तो स्वतःच्या चाचण्यांसाठी केलेला, बाकीचे लोक आपापले निराळे करत बसले. प्रत्येक टीमचा वेगळा शिपाई, वेगळा गणवेश. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच डॉटनेट ८ बरोबर 'टाइमप्रोव्हायडर' आला आणि जुना निवृत्त झाला. पीएचपी भाषेवाल्यांनी २०२२ मध्ये पीएसआर-२० नावाचा ठराव केला. तो अख्खा ठराव एका प्रश्नाचा आहे: 'नाऊ'. मला त्या लोकांचं कौतुक वाटतं. एका शब्दावर एकमत व्हायला किती चर्चा लागते, हे मराठी माणसाला सांगायला नको.

इथपर्यंत मी चाचणीची सोय सांगितली. तेवढंच असतं तर मी इथवर आलो नसतो. खरा प्रश्न पुढं आहे: शिपाई ज्या घड्याळाकडं बघतो ते कोणाचं?

तुमच्या घरात आजी-आजोबांच्या लग्नाची पत्रिका जपून ठेवली असेल तर आज घरी जाऊन बघा. मुहूर्ताच्या वेळेपुढं कंसात बारीक अक्षरात 'स्टँ. टा.' छापलेलं सापडेल. स्टँडर्ड टाइम. लहानपणी मला वाटायचं, हे छापखान्याचं नाव. तसं छापणाऱ्यांना ठाऊक होतं की नुसतं 'सकाळी ९ वाजून २५ मिनिटं' म्हटलं की वाक्य अर्धं राहतं.

कारण ज्या देशात ती पत्रिका जात होती तिथं वेळा अनेक होत्या. कलकत्त्याची वेळ ग्रिनिचच्या सुमारे पाच तास त्रेपन्न मिनिटं पुढं, मुंबईची चार तास एक्कावन्न मिनिटं. म्हणजे दोघींत एक तास दोन मिनिटांचं अंतर. हे अंतर ज्या गावी येऊन समोरासमोर ठाकलं ते आपलं जबलपूर. अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वेची शाखा १८६७ साली जबलपूरला पोचली. आपण रोज जी लाइन बघतो ती तीच. मुंबईकडून जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, येत होती. ७ मार्च १८७० रोजी जबलपूरला दोन्ही जोडल्या गेल्या, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि राणीचा मुलगा ड्यूक ऑफ एडिंबरा त्या समारंभाला आले होते. मुंबई ते कलकत्ता सलग रूळ झाले. आता वेळापत्रक कोणाच्या घड्याळावर छापायचं?

रेल्वेनं मधला मार्ग धरला: मद्रास. तिथं वेधशाळा होती, तारखातं तिची वेळ पाळत होतं, आणि ती कलकत्ता आणि मुंबई यांच्या बरोबर मध्ये पडत होती. रोज ठरल्या वेळी तारेवरून खूण जायची आणि स्टेशनमास्तर आपलं घड्याळ जुळवून घ्यायचा. आज तुमचा संगणक इंटरनेटवरून आपलं घड्याळ जुळवतो, ती व्यवस्था डेव्हिड मिल्स यांनी १९८० च्या दशकात उभी केली. तत्त्व तेच: जवळच्याला विचारा, तो त्याच्या वरच्याला विचारतो, सगळ्यात वर एक जण खरोखर मोजत असतो. आपल्याकडं तो वरचा म्हणजे दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी संस्थेनं निर्देश काढला की संगणक चालवणाऱ्या कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी या सरकारी संगणक केंद्राच्या किंवा या प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा त्यांना जुळणाऱ्या वेळेशी, बांधून घ्यावीत. तार गेली, केबल आली, स्टेशनमास्तरचं काम तेवढंच राहिलं.

आता एक गंमत बघा. मद्रास वेधशाळेचा रेखांश साधारण ८०.२५ अंश. सिहोरा ८०.१. म्हणजे १८७० नंतर पस्तीसेक वर्षं सगळ्या हिंदुस्थानच्या रेल्वेनं जी वेळ पाळली ती सिहोऱ्याच्या सूर्यापासून एका मिनिटाच्या आत होती. मुंबईकराला अर्धा तास पुढं पळावं लागलं, कलकत्तेकराला अर्धा तास मागं यावं लागलं, आणि सिहोरा स्टेशनचा खलाशी मात्र आपल्याच दुपारी बारा वाजलेले बघत होता. त्याला हे कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

मुंबईकरांनी मात्र ते सहज घेतलं नाही. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी मद्रास वेळ लावली. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या घड्याळानं कोणती वेळ दाखवायची यावरून वाद पेटला आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली तेव्हा त्याच महिन्यात गिरणी कामगार चिडून बाहेर आले. त्यांचं म्हणणं सोपं होतं: भोंगा एकोणचाळीस मिनिटं आधी वाजणार, झोप तेवढी जाणार, आणि विचारलं कोणी? त्यानंतरही मुंबईत 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता. आपण शाळेत प्रमाणवेळ ही भूगोलाची व्याख्या म्हणून पाठ करतो. गिरणीतल्या माणसाला ती पगार आणि झोप यांची बाब होती आणि मला वाटतं त्याला ती आपल्यापेक्षा जास्त कळली होती.

ही सगळी भांडणं आजच्या संगणकात जशीच्या तशी पडून आहेत. जगभरच्या वेळांची एक नोंदवही आहे, प्रत्येक फोन आणि सर्व्हर ती जवळ बाळगतो. तिच्यात भारतासाठी 'एशिया/कोलकाता' अशी नोंद आहे. तुम्ही प्रोग्रामला विचारलंत की १९०० साली भारतात ग्रिनिचपासून किती अंतर होतं, तर तो साडेपाच तास सांगत नाही. तो सांगतो पाच तास, एकवीस मिनिटं, दहा सेकंद. तीच मद्रास वेळ.

आणि याचा फटका बसतो. त्याच वहीत लिहिलंय की सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, युद्धामुळं, भारताची घड्याळं एक तास पुढं होती: साडेसहा तास. एका निवृत्त बाईंची जन्मतारीख २ ऑक्टोबर १९४३. एका प्रोग्रामनं ती '२ ऑक्टोबरची मध्यरात्र' म्हणून साठवली आणि वहीप्रमाणे साडेसहा तास वजा केले. दुसऱ्या प्रोग्रामनं ती वाचताना वही उघडली नाही, नेहमीचे साडेपाच मिळवले. उत्तर आलं, १ ऑक्टोबर, रात्रीचे अकरा. बाई कागदावर एक दिवसानं मोठ्या झाल्या आणि दोन कागदांवर दोन तारखा म्हणून त्यांचं काम अडलं. खिडकीवरचा माणूस त्यांना दाखला आणायला सांगत होता. युद्धातल्या घड्याळाचा दाखला कुठून आणणार? हा दोषही आमच्याच पिढीच्या प्रोग्रामरांचा. जन्मतारीख ही वेळ नाहीच, ती नुसती तारीख आहे, तिला मध्यरात्र चिकटवायचीच नसते.

म्हणून माझा आग्रह असा की शिपायानं उत्तर देताना पत्रिकेसारखं कंसात लिहून द्यावं. आतलं सगळं काम ग्रिनिचच्या, म्हणजे आजच्या यूटीसीच्या वेळेत करावं आणि माणसाला दाखवताना, शेवटच्या पायरीवर, साडेपाच तास मिळवावेत. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जगाची फेरी अनेकांनी वाचली असेल. १८७२ साली वर्तमानपत्रातून क्रमशः आली, म्हणजे जबलपूरला रूळ जुळल्यावर दोनच वर्षांनी, आणि त्यातली मुंबई-अलाहाबाद गाडी म्हणजे आपलीच लाइन. त्यातला पासपार्तू हा नोकर आपलं वडिलोपार्जित घड्याळ लंडनच्या वेळेवरून हलवायला तयार होत नाही, गाडीतला लष्करी साहेब समजावून थकतो. वाचक त्याला हसतो. आज जगातले बहुतेक सर्व्हर पासपार्तू आहेत, आणि तेच बरं आहे. आमच्या पोर्टलचा पहिला मोठा बग हाच होता: सर्व्हर यूटीसीत, मुदतीची मध्यरात्र लिहिणाऱ्याच्या डोक्यात भारतातली. खिडकी १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचपर्यंत उघडी राहिली. कोणी तक्रार केली नाही, अर्थातच.

आणखी एक चूक सांगतो, ही सगळ्यात सभ्य दिसते. एकाच अर्जाच्या कामात प्रोग्राम शिपायाला चार वेळा विचारतो. मुदत संपली का बघताना एकदा, पावतीवर तारीख घालताना एकदा, नंबर देताना एकदा, नोंदवहीत लिहिताना एकदा. दिवसभर चारही उत्तरं सारखी येतात. मध्यरात्रीच्या काठावर आलेल्या अर्जाची पावती ३१ मार्चची आणि नंबर नव्या वर्षातला पहिला. हिशेब तपासणाऱ्यानं याला काय म्हणायचं? अर्ज दारातून आत आला की वेळ एकदाच विचारा आणि पुढं प्रत्येकाच्या हातात तीच चिठ्ठी द्या. लग्नात भटजी घटिकापात्र पाण्यावर सोडायचे, बारीक भोकाचं तांब्याचं भांडं, चोवीस मिनिटांत भरून बुडणारं. बुडालं की एकच माणूस सांगे आणि मंगलाष्टकं म्हणणारे, अंतरपाट धरणारे, अक्षता घेतलेले, सगळे त्या एका शब्दावर चालत. प्रत्येकानं आपापलं भांडं सोडलं असतं तर?

काही जाणकार म्हणतात, एवढ्यासाठी इंटरफेस कशाला, दोन पानी प्रोग्रामला शिपाई नेमणं म्हणजे डामडौल. त्यांचं थोडं खरं आहे. जिथं नुसती वेळ हातात देऊन भागतं तिथं शिपायाचीही गरज नाही, हातात द्या. पण मुदती, व्याज, हजेरी, औषधाच्या पाळ्या असं काही ज्या प्रोग्राममध्ये आहे, तिथं हा वाद मला तरी संपलेला वाटतो. २९ फेब्रुवारी २०१२ ला मायक्रोसॉफ्टची अझूर ही प्रचंड सेवा कोलमडली. प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष म्हणून वर्षाच्या आकड्यात एक मिळवला गेला आणि २९ फेब्रुवारी २०१३ अशी तारीख तयार झाली, जी नाहीच. चार वर्षांतून एकदा येणारा दिवस आज आहे असं सांगणारा खोटा शिपाई चाचणीत बसवला असता तर हा दोष टेबलावरच सापडला असता.

आणि खरं घड्याळही मागं जातं. पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला १९७२ पासून सत्तावीस वेळा एक सेकंद जादा घातला गेला. शेवटचा २०१६ च्या अखेरीला. आपल्याकडं तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, साडेपाचला एक सेकंद जास्त मिळाला. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या प्रोग्राममध्ये दोन वेळांची वजाबाकी होती आणि लिहिणाऱ्यानं धरलं होतं की उत्तर कधी ऋण येणार नाही. ते आलं, आणि काही संकेतस्थळांचे पत्ते सापडेनासे झाले. तो प्रोग्राम गो भाषेत होता. त्या भाषेनं ऑगस्ट २०१७ च्या आवृत्तीत घड्याळाबरोबर एक न थांबणारा, मागं न जाणारा मोजकही जोडून टाकला. किती वाजले आणि किती वेळ गेला हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यासाठी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचंच नसतं. शर्यतीत आपण स्टॉपवॉच वापरतो, पंचांग नाही. हे जादा सेकंद २०३५ पर्यंत बंद करायचं २०२२ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं आहे, त्यामुळं एवढा एक त्रास कमी होईल.

दुसरा मात्र येतोय. जुन्या पद्धतीचे संगणक १९७० पासूनचे सेकंद एका ठरावीक मापाच्या खणात मोजतात. तो खण १९ जानेवारी २०३८ ला भरतो, मंगळवारी, भारतीय वेळेनं सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. त्यानंतर ज्यांची दुरुस्ती झाली नाही ते एकदम डिसेंबर १९०१ दाखवतील. त्या तारखेला आपल्या भागात कोणतं घड्याळ चालत होतं, हे मघाशी सांगितलं.

इथं पुढच्या रांगेत जबलपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजची काही मुलं-मुली बसलेली दिसतात. एक काम देतो, सर द्यायचे तसं. उद्या आपल्या प्रोजेक्टच्या कोडात 'नाऊ' हा शब्द शोधा. किती ठिकाणी सापडतो ते मोजा आणि कागदावर आकडा लिहा. मग एकच जागा ठेवून बाकीच्या पुसायला लागा. अडलं तर मला फोन करा. रात्री अकरापर्यंत मी जागा असतो (स्टँ. टा.).